हातमोज्यांचा कांगावा

दर खरिपात पिकाच्या आधी एक वाक्य उगवते. पेरणी होते, पाऊस ताण देतो, कपाशीवर तुडतुडे आणि फुलकिडे दिसायला लागतात, आणि लगोलग कानावर येते, “अहो, कितीही सांगा, हे मजूर ऐकतच नाहीत.” कृषी खात्याच्या बैठकीत हेच, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हेच, कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडीही हेच. बीड जिल्ह्यात मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यावरच्या आमच्या लिंबागणेशात हे वाक्य ऐकायला तर शेतात जावेही लागत नाही, चहाची टपरी पुरते. फवारणी करताना कुणी गरगरून पडला, उलट्या करू लागला की त्याला गाडीत घालण्याआधी निकाल तयार असतो. मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते. संपले.

या मताची बाजू जमेल तितक्या प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणे असे : औषध विषारी आहे हे डब्यावर छापलेले असते. सरकारने मोहिमा काढल्या, कंपन्यांनी संरक्षक कीट वाटले, गावोगाव प्रात्यक्षिके झाली, फलक लागले. तरीही हा माणूस तोंडाला साधा रुमाल गुंडाळून वाऱ्याच्या तोंडाला फवारतो, मध्येच तंबाखू मळतो, नोजल तुंबले की ओठाला लावून फुंकतो. मग दोष कुणाचा? शिवाय औषधाविना पीक हाती लागत नाही, आणि दवाखान्यात विषबाधेचे म्हणून येणारे बहुतेक जण स्वतःच औषध पिऊन आलेले असतात. तेव्हा प्रश्न जागृतीचा आहे. आणखी मोहिमा काढा, आणखी कीट वाटा.

मत मोठे सोयीचे आहे. त्यात कंपनी सुटते, दुकानदार सुटतो, शेतमालक सुटतो, कृषी खाते सुटते, औषधांना परवाना देणारे केंद्राचे मंडळ तर दिसतही नाही. अडकतो तो एकटा मजूर, आणि तोही सलाईनला जोडलेला असल्यामुळे उलट बोलत नाही.

आधी त्या कीटचे पाहू. सप्टेंबरात पाऊस उघडीप देतो तेव्हा बालाघाटाच्या उतारावर जी दमट काहिली असते, त्यात सगळे अंग झाकणारा प्लॅस्टिकचा झगा, चष्मा, रबरी हातमोजे आणि मास्क चढवून पाठीवर 16 लिटरचा पंप घ्या. एकराला दहा-बारा पंप लागतात. चष्म्यावर वाफ धरते, समोरची ओळ दिसत नाही. हातमोज्यात घाम साचतो, आणि आत शिरलेले औषध त्या घामात भिजत कातडीला चिकटून राहते. पंपाच्या झाकणातून पाझरलेले पाणी पाठीवरून कमरेपर्यंत जाते, त्याला मास्क काय करणार? ही औषधे नाकातोंडाइतकीच कातडीतून शरीरात शिरतात, आणि घामेजलेली कातडी त्यांना वाट मोकळी करून देते. वाटला जाणारा कापडी मास्क धूळ अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. कीटचा फोटो काढणाऱ्या साहेबांनी तो घालून एकच एकर फवारून दाखवावा. दुसऱ्या पंपालाच झगा बांधावर पडेल, आणि तेव्हा साहेबांना कुणी निष्काळजी म्हणणार नाही, उकाडाच तसा होता म्हणतील.

ही माझी कुरकुर नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांविषयीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिचा आशय स्पष्ट आहे : ज्या औषधाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ते औषधच टाळावे, आणि उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या बाबतीत तर विशेषच. म्हणजे जगाने मान्य केलेला क्रम असा, की ज्याला असा झगा लागतो ते विष आपल्यासारख्या मुलखात विकूच नये. आपण क्रम उलटा केला. विष दुकानात ठेवले, झगा फुकट वाटला आणि तो न घालणाऱ्याला गुन्हेगार केले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

डब्यावर सगळे छापलेले असते, हे दुसरे म्हणणे. छापलेले असते, खरेच आहे. घडी घातलेल्या पत्रकात अनेक भाषा, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढे. रंगाची खूणही असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण तो डबा पाहतो कोण? खरेदी मालक करतो, तीही बहुधा उधारीवर, आणि उधारीवर घेणाऱ्याला निवड नसते, दुकानदार देईल ते घ्यावे लागते. दुकानदार एका किडीला एक असे देत नाही. अळीचे, मावा-तुडतुड्यांचे, बुरशीचे आणि वरून एखादे टॉनिक, असे तीन-चार प्रकार एकाच टाकीत घालायला सांगतो. त्या मिश्रणाचा रंग कोणत्या चौकोनात छापला आहे? मजुराच्या पाठीवर येते ती भरलेली टाकी. तिला लेबल नसते.

आणि सल्ला देणारा हा दुकानदार कोण? विक्रेत्याकडे कृषीविषयक शिक्षण असावे असा नियम केंद्राने 2015 मध्ये केला. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. डॉक्टर आणि औषधविक्रेता एकच असला तर काय होईल हे कळायला शिक्षण लागत नाही. शेतीत आपण तेच चालवतो आणि वर मजुराला म्हणतो, तू अडाणी.

तिसरी गोष्ट, ज्यावर कुणी बोलतच नाही : मजुरी. फवारणीची मजुरी बहुतेक ठिकाणी पंपावर ठरते. जितके पंप मारशील तितके पैसे. दर पंपानंतर हात-तोंड धुवावे, वारा पडेपर्यंत थांबावे, दुपारी फवारू नये हे उपदेश या मजुरीच्या पद्धतीत बसवून दाखवा. थांबला की पैसे गेले. आमच्या भागातला हा माणूस दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जाणार असतो; त्याची उचल घेऊन झालेली असते आणि ती खर्चही झालेली असते. तोवरचे दोन-तीन महिने चूल पेटते ती फवारणी, खुरपणी आणि वेचणीवर. नोजल तोंडाने फुंकतो हे खरे. पण सुई आणि सुटे नोजल जवळ ठेवून बसायला त्याला कुणी वेळेची मजुरी दिली आहे?

आता बायकांकडे वळतो, कारण या सगळ्या जागृतीत त्या कुठेच नसतात. पोस्टरवर पंपवाला पुरुष असतो. पण विहिरीवरून पाणी आणून टाकी भरते ती बाई. बादलीत काडीने, कधी हातानेच, औषध ढवळते तीही बाई, आणि सगळ्यांत जहाल विष तर तेच, पाणी न मिसळलेले. संध्याकाळी ते कपडे धुते तीही बाई, घरातल्या लेकरांच्या कपड्यांबरोबरच. काल फवारलेल्या कपाशीत आज सकाळी दव असताना खुरपायला शिरतात त्या बायका. ओल्या पानांचे पाणी कोपरापर्यंत आणि लुगड्यावर. गरोदर बाई असते, तान्हे लेकरू बांधावरच्या झोळीत असते. तिला कुणी कीट वाटले? ती फवारणी करत नाही ना, मग ती कोणत्याच यादीत नाही. फवारलेल्या शेतात किती तासांनी शिरावे याचा आकडा शेताच्या बांधावर लावलेला मी तरी पाहिलेला नाही.

आणि मजुराची अशी काळजी कुठे घेतलीच जात नाही असेही नाही. अमेरिकेत 1992 पासून शेतमजुरांच्या संरक्षणाचे केंद्रीय नियम आहेत. फवारणीनंतर ठरावीक काळ शेतात मजूर पाठवायचा नाही, मजुरांना कोणते औषध कुठे मारले ते सांगायचे, धुण्यासाठी पाणी-साबण द्यायचा, प्रशिक्षण द्यायचे. आणि ही सगळी जबाबदारी मालकाची. कॅलिफोर्नियात जहाल औषधे हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या एंझाइमची तपासणी 1974 पासून चालते. अमेरिका मजुरांचे नंदनवन आहे असे कुणी समजू नये. तिथेही द्राक्षमळ्यातल्या मजुरांना यासाठी बहिष्कार आणि संप करावे लागले, आणि सीझर चावेझ या त्यांच्या पुढाऱ्याने कीटकनाशकांच्या प्रश्नावर 1988 मध्ये 36 दिवस उपास केला. मुद्दा एवढाच की तिथे कायद्याने “मजुराला समजावले का?” एवढे विचारून थांबायचे नाकारले. मालकाने काय केले, तेही विचारले.

आपल्याकडे कायदा नाही, असे मात्र नाही. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली, त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आले. ते नियम वाचले की हसावे की रडावे कळत नाही. औषध वापरणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असावेत. उत्पादकांनी आणि वितरकांनी सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे. नोकरीत फवारणी करणाऱ्याची कामाआधी आणि मग ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी. कारखान्यात ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटाच्या औषधाशी संबंध येणाऱ्या कामगाराच्या रक्तातील कोलिनेस्टरेज तर दर महिन्याला मोजावे. हे एंझाइम घसरले की नसांवरचा ताबा सुटतो. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास अडकतो. म्हणजे कारखान्याच्या भिंतीआड ज्याचे रक्त महिन्याला तपासायचे, त्याच औषधाचा डबा बालाघाटावर आला की ज्याच्या पाठीवर तो जातो त्याच्या रक्ताची तपासणी आयुष्यात एकदाही होत नाही. विष तेच, रक्तही माणसाचेच. फरक इतकाच, की एकजण हजेरीपटावर आहे आणि दुसऱ्याला संध्याकाळी रोख मिळतात.

“झाले ते झाले, यवतमाळनंतर सुधारणा झाली,” असे सांगणारेही आहेत. मग यवतमाळच बघू. 2017 च्या पावसाळ्यात त्या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसे गेली, 800च्या आसपास रुग्णालयात दाखल झाली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा वरून अंगावरच येत होता. बॅटरीचे आणि पेट्रोलचे नवे पंप धुक्यासारखे बारीक तुषार उडवत होते. हवा दमट, औषधांची मिश्रणे जहाल. यातली कोणती गोष्ट मजुराने ठरवली होती? बियाणे त्याने निवडले, पंप त्याने आणला, की मिश्रण त्याने सुचवले? आणि रुग्णांची रांग लागली तेव्हा जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कोलिनेस्टरेजची तपासणी करायची सोय नव्हती. यातही निष्काळजी मजूरच?

सरकारने मग अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांवर बंदी घातली. किती दिवस? 60. कायद्याच्या 27 व्या कलमात राज्याला तेवढ्याच दिवसांचा अधिकार आहे, फार तर आणखी 30. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. सरकारने नेमलेल्या तपास पथकाने मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदी सुचवली. हे तेच औषध, ज्याच्यामुळे 2013 मध्ये बिहारच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन 23 मुले मेली. भाजीपाल्यावर त्याला आधीच मनाई होती, कपाशीवर मुभा होती. कपाशी कुणी खात नाही, म्हणून. म्हणजे खाणाऱ्याचा जीव मोजला गेला, फवारणाऱ्याचा हिशेबातच नव्हता. केंद्राने त्याच्या उच्चाटनाची अधिसूचना काढायला 2023 उजाडले, तीही शिल्लक साठा विकायची सवड देऊन. त्याआधी 2020 मध्ये 27 औषधांवर बंदीचा मसुदा निघाला होता. त्याचे अंतिम रूप आले तेव्हा त्यातली तीनच पूर्णपणे बंद झाली.

यवतमाळातल्या आणखी एका औषधाचे नाव डायफेन्थियुरॉन. ‘पोलो’ या नावाने सिंजेंटा कंपनी ते विकत असे. युरोपीय संघातून ते 2002 मध्ये गेले, ज्या स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटाचे मुख्यालय आहे तिथे 2009 मध्ये ते बंद यादीत गेले. यवतमाळ पोलिसांच्या कागदपत्रांत 96 जणांच्या विषबाधेशी या औषधाचे नाव जोडलेले आहे, त्यातले दोघे दगावले. कंपनी जबाबदारी नाकारते. दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी बासेलच्या न्यायालयात दाद मागितली आहे. स्विस शेतकरी शिकलेला, शिस्तीचा, हातमोजे घालणारा. तरी त्याच्या हाती हे औषध देणे तिथल्या सरकारला रास्त वाटले नाही. आमच्या अडाणी, ऐकत नसलेल्या मजुराच्या हाती देणे मात्र रास्त! मजूर ऐकत नाही हे तुमचे म्हणणे खरे धरले, तर ते विष त्याच्यापर्यंत न पोहोचवण्याचेच कारण ठरते. हा एवढा साधा तर्क कुणाच्या लक्षात कसा येत नाही?

औषधाविना पीक नाही, हा मग हुकमी पत्ता. इंडोनेशियात 1986 मध्ये भातावर तुडतुड्यांनी थैमान घातले होते. सरकारने काय केले? 57 कीटकनाशके भातावर वापरायला बंदी घातली आणि औषधांवरचे अनुदान पुढे काढून घेतले, कारण औषधांनी तुडतुड्यांना खाणारे मित्रकीटकच मारले होते. भात बुडाला नाही, उत्पादन वाढले. तेलंगणातल्या खम्मम भागातले पुनुकुला गाव कपाशीचेच. तिथल्या लोकांनी या शतकाच्या सुरुवातीलाच कीटकनाशके सोडली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही आधी कामगंध सापळे, पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क असतो, आणि किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तरच रासायनिक औषध. ते पत्रक दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते, आणि त्याच्याखाली उभा राहून दुकानदार तिसरा डबा पुढे सरकवतो. मी काही सगळी औषधे उद्या बंद करा म्हणत नाही. लाल आणि पिवळ्या खुणेची बंद करा म्हणतो. ती नसली म्हणून बोंडअळी लिंबागणेशचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेणार नाही.

आत्महत्यांचा दाखला देणाऱ्यांनी श्रीलंका पाहावी. तिथे 1990 च्या दशकात सर्वांत जहाल औषधे टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि आत्महत्येने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. जे विष घरात नसते ते रागाच्या भरात पिता येत नाही, आणि पाठीवरही सांडत नाही. तेव्हा हा दाखला तुमच्या बाजूचा नाही, माझ्या बाजूचा आहे. ड्रोनने फवारले की प्रश्न सुटेल म्हणाल, तर आमच्या डोंगरउताराच्या तुकड्यांवर तो येईल तेव्हा येवो. त्याच्या छोट्या टाकीतले द्रावण जास्त दाट असते, ते कालवायला माणूसच लागतो, आणि शेजारच्या वावरात बायका खुरपत असतातच.

राहिला एक आक्षेप, तो जरा वजनदार आहे. मालक तरी कुठला जमीनदार? तीन एकराचा, कर्जात बुडालेला, बऱ्याचदा स्वतःच फवारणारा. त्याच्यावर जबाबदारी टाकून काय मिळणार? तो गरीब आहे हे मान्य. पण दुसऱ्याला रोजाने विषात उतरवण्याची मुभा गरिबीने मिळत नाही. शिवाय फरक मेल्यावर दिसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. औषध हाताळताना विषबाधा होऊन शेतकरी गेला तर वारसांना 2 लाख मिळतात. पण शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे तो, आणि त्याच्या घरातला आणखी एक. ज्याच्या घरात सातबारा नाही, जो आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात पंप मारतो, तो या योजनेत बसत नाही. ज्या नेत्याची ओळख ऊसतोड मजुरांच्या लढ्यांनी झाली, त्याच्या नावाच्या योजनेत, त्याच्याच जिल्ह्यात, भूमिहीन मजुराच्या विधवेने कोणता कागद जोडायचा?

तेव्हा जागृतीच्या मोहिमा आता मजुरांसाठी बंद करून कंपनी, दुकानदार आणि कृषी अधिकाऱ्यांसाठी काढाव्यात. खरिपाआधी गावातल्या सगळ्या फवारणी मजुरांची आणि खुरपणाऱ्या बायकांची कोलिनेस्टरेज तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, हंगामाच्या मध्यावर पुन्हा व्हावी, आणि ज्याचे घसरले असेल त्याला घरी बसवून मजुरी चालू ठेवावी; खर्च औषध विकणाऱ्या कंपनीकडून घ्यावा. लाल-पिवळ्या डब्याच्या पावतीवर तो कोण फवारणार त्याचे नाव असावे. फवारणीची मजुरी पंपावर नाही, तासावर ठरावी. अॅट्रोपिन हा या विषावरचा उतारा फक्त बीडला नाही, तालुक्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असावे, कारण मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत श्वास थांबलेला असतो. आणि तरीही कुणी गेलाच, तर पंचनाम्यात “मयताने सुरक्षा साधने वापरली नाहीत” या ओळीच्या आधी चार रकाने भरलेच पाहिजेत : औषधाचे नाव आणि रंग, उत्पादक कंपनी, विक्रेत्याचा परवाना क्रमांक आणि ज्याने मजुरीने लावले त्याचे नाव. ते चार रकाने रिकामे असतील तर पाचवी ओळ लिहायचा अधिकार कुणालाही नाही.